पारावरचं बजेट

एसटीच्या जुन्या गाड्यांत पुढच्या बाकाशी रंगवलेली अक्षरं असायची: आमदारांसाठी राखीव. उभ्या महाराष्ट्रात त्या बाकावर कुणीही बसे. बाजाराला निघालेली माळवंवाली, लग्नाला निघालेले पाव्हणे, कधी कंडक्टरचा मेव्हणा. खरोखरीचा आमदार गाडीत चढलाय आणि त्याच्यासाठी कुणाला उठावं लागलंय, असं सहसा होत नसे. आमच्या सांगोला तालुक्यात मात्र ते व्हायचं.

भाई गणपतराव देशमुख, तालुक्याचे आबासाहेब. मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, पेशाने वकील, पक्ष शेतकरी कामगार. 1962 साली पहिल्यांदा निवडून आले आणि 2014 साली अकराव्यांदा. मधे 1972 ला आणि 1995 ला पडले, दुसऱ्या खेपेला तर दोनशेच्या आत मतांनी. दोनदा मंत्री झाले, विरोधी पक्षनेते झाले. 30 जुलै 2021 ला गेले, तेव्हा त्यांच्या एसटीच्या प्रवासाच्या आणि साधेपणाच्या गोष्टी सगळीकडे इतक्या छापून आल्या की त्यांत मी आणखी भर घालण्यात अर्थ नाही. खरं सांगायचं तर आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना त्या साधेपणाचं फार कौतुक नव्हतंच. माणदेशात सगळेच साधे होते, दुसरं काही परवडत कुठे होतं?

आजोबांना कौतुक होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. चौथी शिकलेला हा माणूस "आपल्याला बजेट कळतं" असं छातीवर हात ठेवून सांगायचा, आणि त्यात फुशारकी थोडी, खरं जास्त असायचं.

ते त्यांना कळलं पारावर. गावात पक्षाचे एक जुने कार्यकर्ते होते. शेकापमध्ये एकमेकांना भाई म्हणायची रीत, त्यामुळे निम्म्या गावाला त्यांचं पाळण्यातलं नाव ठाऊकच नव्हतं. मार्चचं अधिवेशन उरकलं की हे भाई तालुक्याला जायचे, आबासाहेबांबरोबर मुंबईहून आलेल्या छापील कागदांतून आपल्या भागापुरतं वहीत उतरवून घ्यायचे आणि मग एका संध्याकाळी मारुतीच्या पारावर कंदिलाच्या उजेडात ते वाचून दाखवायचे. भाषण नाही, घोषणा नाहीत. नुसतं वाचन, आणि मधे मधे म्हाताऱ्यांचे खाकरे.

ती वही मी हाताळली आहे. भाई गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी ती आजोबांकडे आणून दिली होती. व्यापारी जमाखर्चाला वापरतात तशी लांबोडी, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. आत उभे रकाने आखलेले: काम, मान्यता, तरतूद, खर्च, शेरा. शेऱ्याच्या रकान्यातली शाई बाकीच्या रकान्यांपेक्षा गडद, कारण तिथे पेन दाबून लिहिलेलं. ओढ्यावरच्या पुलापुढे एका साली लिहिलंय, "मान्यता आहे, पैसा नाही. पुढल्या मार्चला विचारणे." पुढच्या सालच्या पानावर तोच पूल, तोच शेरा. त्याच्या पुढच्या सालीही. चौथ्या पानावर "टोकन" एवढाच शब्द.

टोकनची गोष्ट आजोबा रंगवून सांगत. काम बजेटच्या यादीत यावं, पण पैसे तर नाहीत, अशा वेळी त्याच्यापुढे नावाला काही रक्कम टाकतात. पुढे खरी तरतूद करायला लेखाशीर्ष उघडं राहावं म्हणून. आमच्या रस्त्यापुढे अशीच चिमूटभर रक्कम पडली होती. भाईंनी ती वाचून दाखवल्यावर पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "एवढ्यात रस्ता हुतुय का खड्डा?" सगळे हसले. पण त्या रात्री एक गोष्ट गावाला पक्की कळली: यंदा रस्ता नाही. रस्त्याच्या आशेवर कुणी गूळ-ज्वारीची गाडी विकून टेम्पोचा विचार करत असेल, तर त्याने थांबावं. आजोबांच्या मते आमदाराने सांगायची सगळ्यात मोलाची बातमी हीच असते. होणारं काम दिसतंच की. न होणारं काम होणार नाही हे वेळेवर सांगायला माणूस लागतो, आणि तसं सांगूनही त्याला मत देणारं गाव लागतं.

बजेटला आलं म्हणजे काम झालं नव्हे, हे त्या पाराने शिकून घेतलं होतं. आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग टेंडर, मग कार्यारंभ आदेश. आणि हे सगळं होऊन ३१ मार्चच्या आत पैसा खर्ची पडला नाही तर तो परत. बी.ए. झालेल्या माझ्या मामाला ही पायरीवार माहिती नव्हती, ती ढोरं राखणाऱ्या आजोबांना होती. कुणी पुढारी व्यासपीठावरून "रस्ता मंजूर झाला" म्हणाला की मागून हमखास आवाज यायचा, "मंजूर झाला का पैसं पडलं?"

विधानसभेतल्या तारांकित प्रश्नांची उत्तरंही भाई वाचायचे. त्यांचा एक ठरलेला साचा असतो. आमदार विचारणार, अमुक गावी टंचाई आहे "हे खरे आहे काय?" मंत्री उत्तर देणार, "हे अंशतः खरे आहे." आणि शेवटच्या उपप्रश्नाला, विलंबाची कारणे काय, तर "प्रश्न उद्भवत नाही." म्हाताऱ्यांना ही भाषा इतकी आवडली की ती त्यांनी घरी नेली. सुनेशी भांडलास काय रे? अंशतः खरं आहे. उसने पैसे कधी देणार? प्रश्न उद्भवत नाही. मुंबईच्या सचिवालयात कुणा कारकुनाने सावधपणे घासूनपुसून लिहिलेली वाक्यं आमच्या गोठ्यात अशी हंबरत होती.

बायका पारावर नसायच्या. आजीला बजेट कळलं ते दुसऱ्या बाजूने, हातोडीच्या.

1972 चा दुष्काळ तिच्या तोंडून ऐकला की साल-तारखांची गरज पडत नसे. माण नदीचं पात्र भाजलेल्या तव्यासारखं झालं होतं. दावणीची जनावरं सोडून दिलेली. घरात अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो, जो दळला तरी भाकरीला चिरा पडायच्या. कामावर पोरांना सुकडी. ती आणि तिच्या दोघी जावा सकाळी उठून खडी फोडायला जायच्या. खडीचा ढीग मोजायला लाकडी चौकट असायची. तिच्यात खडी भरायची, मुकादम वरून काठी फिरवायचा आणि मग हजेरीवर आकडा पडायचा. आजीची तक्रार काठीबद्दल होती. काठी फिरवताना मुकादम ती जरा दाबून फिरवायचा, म्हणजे खडी खाली बसे आणि चौकट अपुरी दिसे. पन्नास वर्षांनीही ती हाताने ती काठी दाबून दाखवायची. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात पन्नास लाखांच्या घरात माणसं अशा कामांवर होती. त्या साली आबासाहेब आमदार नव्हते, निवडणूक नुकतीच हरले होते. 1974 च्या पोटनिवडणुकीत पुन्हा आले.

तोवर ही कामं म्हणजे सरकारची कृपा होती. दुष्काळ जाहीर झाला तर काम, नाही तर नाही. ती कृपा हक्क झाली ती शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या एका माणसाच्या चिकाटीमुळे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी 1965 मध्ये आपल्याच भागात करून पाहिली होती. दुष्काळात ती राज्यभर गेली, आणि 1977 मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने रोजगार हमीचा कायदा केला. तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही मिळालं तर दिवसाला एक रुपया बेकारी भत्ता. देशाचा रोजगार हमी कायदा यायला त्यानंतर 2005 उजाडावं लागलं.

पण हमी द्यायची तर पैसा कुठून? इथे बजेट आमच्या घरात शिरलं. 1975 साली राज्याने व्यवसाय कर बसवला. पगारदार माणसाच्या पगारातून दर महिन्याला थोडी रक्कम कापायची आणि ती रोजगार हमीला द्यायची. त्याच्या जोडीला मोटारींवरच्या करावर, विक्रीकरावर अधिभार, बागायत जमिनीवर जादा आकार. आणि हे सगळं मिळून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. म्हणजे मुंबईचा कारकून आणि कॅनॉलखालचा ऊसवाला यांनी मिळून कोरडवाहू बाईच्या हातोडीचं मोल द्यायचं. इतका सरळ हिशेब मी त्याआधी आणि नंतर कुठल्या कायद्यात पाहिलेला नाही.

थोरले काका तेव्हा मुंबईत कारकून होते. सुट्टीला आले की पगार, कापाकापी, महागाई यांचं रडगाणं ठरलेलं. असंच एकदा पगाराचा कागद पसरून त्यांनी व्यवसाय कराच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि "हे कशाला कापतात देव जाणे" म्हणाले. आजोबांनी भाईंकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. आजी चुलीपुढून बोलली, "म्हंजी माझ्या खडीचा पैका तुझ्या पगारातनं येतुय व्हय? मग त्या मुकादमाला सांग की, काठी दाबू नगं म्हणावं."

काकांनी त्यानंतर त्या कराबद्दल कुरकुर केली नाही, निदान घरी तरी. आजही महाराष्ट्रात लाखो लोकांच्या पगारातून महिन्याला दोनशे रुपये जातात. कशासाठी, हे माझ्या कचेरीत विचारलं तर दहातल्या एकालाही सांगता येत नाही. पुढे अशीही वर्षं आली की कर भरपूर जमला आणि कामांवर त्या मानाने थोडंच खर्च झालं. वहीचे रकाने चालू राहिले असते तर तरतूद आणि खर्च यांतलं ते अंतर पारावर आधी कळलं असतं.

वहीतला सगळ्यात लांबलेला धागा पाण्याचा. नीरा उजव्या कालव्याच्या शेपटाला आमचा तालुका, म्हणजे वरच्यांचं भागून उरेल ते. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी पट्ट्यात आणावं यासाठी 1993 पासून आटपाडीला पाणी परिषद भरू लागली. तेरा दुष्काळी तालुक्यांची ती चळवळ, पुढे नागनाथअण्णा नायकवडी, सोबत आबासाहेब. 1996 ला टेंभू योजनेला मान्यता मिळाली, सुमारे 1400 कोटींची. कराडजवळ नदीतून पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने चढवत सांगोल्यापर्यंत आणायचं. तेव्हा भाई थकले होते, अक्षर हललेलं आहे, पण टेंभूची नोंद आहे आणि शेऱ्यात त्यांनी लिहिलंय, "आपल्या हयातीत नाही. पोरांस सांगणे." भाई खोटं बोलले नाहीत, आजोबांच्या हयातीतही पाणी आलं नाही. दरम्यान योजनेला एकामागून एक सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, मिळत गेल्या आणि आकडा सात हजार कोटींच्या पुढे गेला.

आता पाणी येतं. पार आहे, त्याला फरशी बसली आहे. वेशीत फ्लेक्स असतात, त्यांवर कोटींचे आकडे आणि फेटे बांधलेले चेहरे. आमदारांना स्वतःच्या निधीतून खर्चायलाच वर्षाला पाच कोटी मिळतात, त्यामुळे फ्लेक्सला विषय कमी पडत नाहीत. अर्थसंकल्पाची सगळी पुस्तकं मोबाइलवर उतरवता येतात. माझ्या पुतण्याने एकदा उतरवली, हजारभर पानं चाळली आणि विचारलं, "काका, यातलं आपल्या गावाचं कुठलं?" मी त्याला भाईंची वही दाखवली. रकाने त्याला पटले. शेऱ्याचा रकाना कसा भरायचा हे विचारून गेला, भरला का ते माहीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात चुलतभाऊ चिडून घरी आला. त्याच्या डाळिंबाला पाण्याचं आवर्तन मिळालं आणि मागोमाग पाणीपट्टीची मागणी. सभेत तर सांगितलं होतं की उपशाचं वीजबिल सरकार भरतंय! सरकार भरतं, पण शंभरातले एक्याऐंशी. उरलेले एकोणीस पाणी घेणाऱ्याने पाणीपट्टीतून भरायचे असा निर्णय आहे, आणि त्याला बरीच वर्षं झाली. एक्याऐंशीचा फ्लेक्स लागला होता. एकोणिसांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. आम्ही दोघे बसून त्याच्या क्षेत्राचा हिशेब केला, पाटबंधारेच्या शाखा कार्यालयात एक अर्ज दिला की एकोणीस टक्के कशाचे आणि किती युनिटचे ते गावनिहाय लेखी द्या. भावाने पाणीपट्टी भरली. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तराची आम्ही वाट पाहतोय.