बेंजोची गुणगुण

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाताना मुरबाड तालुक्यात टोकावडे लागते. या पट्ट्यात, किंबहुना साऱ्या ठाणे-रायगडकडे, हळदीला आणि वरातीला बेंजो हवाच. हा बेंजो म्हणजे अमेरिकेतला कातडे ताणलेला बँजो नव्हे. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून तारा छेडण्याचे हे वाद्य जपानी 'ताइशोगोतो'चे वंशज आहे. मोरिता गोरो यांनी १९१२ साली नागोया येथे ते घडवले. आपल्याकडे त्याचे बुलबुलतरंग झाले. त्याचा मूळ आवाज ढोल-ताशापुढे दहा पावलेही टिकणार नाही. वरातीत तो ऐकू येतो तो पिकअपमुळे, आणि पिकअपचा जन्म गिटारच्या घरातला.

तत्त्व आपण नववी-दहावीला शिकवतो तेच. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेच्या कुंतलात विद्युतदाब निर्माण होतो, हे फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार कंप पावली की कुंतलातले क्षेत्र बदलते. तार पितळेची किंवा नायलॉनची असेल तर असा पिकअप मुकाच राहतो. जॉर्ज बोशाँ यांनी ही युक्ती १९३१ च्या सुमारास हवाईयन गिटारला लावली. तिचे पेटंट १९३७ साली मिळाले. बास गिटारचे श्रेय सहसा लिओ फेंडर यांच्या १९५१ च्या 'प्रिसिजन बास'ला दिले जाते. पण सिॲटलच्या पॉल टटमार्क यांनी तिसाव्या दशकातच तशी गिटार विकायला काढली होती. बाजारात जो टिकतो त्याचे नाव इतिहासात राहते! मुंबईत राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ यांचे बास पुढे घराघरांतल्या रेडिओवर पोचले.

या पिकअपचा जुना आजार म्हणजे गुणगुण. कुंतलाला तारेचे क्षेत्र आणि जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र यांतला फरक कळत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. बासची सर्वात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते आणि तिच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर ४९ हर्ट्झचा. म्हणजे गुणगुण गाळायला जावे तर शेजारचा स्वरही जातो. गाळणी लावून हा प्रश्न सुटणारच नव्हता.

तो सुटला वजाबाकीने. गिब्सन कंपनीतले सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन कुंतलांच्या पिकअपसाठी पेटंटचा अर्ज केला. दुसऱ्या कुंतलाचे वेढे उलट, आणि चुंबकाचे ध्रुवही उलट. बाहेरच्या क्षेत्राला या चुंबकांशी कर्तव्य नसते. त्याचे दोन संकेत एकमेकांना खोडतात. तारेचा संकेत मात्र दोनदा उलटून पुन्हा सुलट होतो आणि बेरीज होते. फेंडर यांनी १९५७ मध्ये बासचा पिकअप दोन तुकड्यांत विभागून हाच लाभ मिळवला.

पुढे पिकअप बदलून बसवण्याचाच धंदा सुरू झाला. न्यूयॉर्कचे लॅरी डिमार्झिओ १९७२ च्या सुमारास त्यात उतरले. येथे एक गैरसमज अजून टिकून आहे: जास्त वेढे म्हणजे चांगला पिकअप. वेढे वाढले की आवाज मोठा होतो हे खरे, पण प्रवर्तकत्वही वाढते आणि उंच स्वरांची धार बोथट होते. लांब केबलची धारकता त्यात भर घालते. म्हणून १९७६ च्या 'म्युझिक मॅन स्टिंगरे' बासमध्ये ९ व्होल्टच्या बॅटरीवरचा छोटा प्रवर्धक वाद्यातच बसवला गेला. आमच्या मते खर्च करायचा तर आधी अशा प्रवर्धकावर करावा.

दुरुस्तीवाले पुष्कळदा तांब्याचा पत्रा चिकटवून देतात. तो विद्युतक्षेत्राचा खरखराट अडवतो. ट्रान्सफॉर्मरचे ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र त्यातून बिनदिक्कत आत येते. पैसे देण्यापूर्वी परीक्षा करावी. वाद्य जागच्या जागी फिरवल्यावर गुणगुण कमी-जास्त झाली, तर दोष चुंबकीय आहे आणि दोन कुंतलांचा पिकअप हवा. तारांना हात लावताच ती कमी झाली, तर पत्रा उपयोगी पडेल.

मात्र हात लावण्यापूर्वी अर्थिंग पाहावे. पुष्कळ वाद्यांत तारा ॲम्प्लिफायरच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. स्कॉटिश गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी स्वॉन्झी येथे रंगमंचावर विजेच्या धक्क्याने गेले. मायक्रोफोनचे अर्थिंग नव्हते. वरातीच्या गाडीवर जनरेटर आणि दोन पिनांचा प्लग असेल, तर तिसऱ्या पिनेची चौकशी पिकअपच्या आधी व्हायला हवी.