बालवीर आणि स्वयंसेवक

बालवीर म्हटला की खाकी चड्डी, गळ्यातला रुमाल आणि दोरीला गाठी मारीत बसलेला शाळकरी मुलगा आपल्या डोळ्यांपुढे येतो. गिरणीच्या दाराशी सभा घेण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्या आमच्यासारख्यांनी या विषयाला हात का घालावा, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. शिस्त ही चीज धन्याची की काम करणाराची, हा आमचा रोजचा प्रश्न, आणि बालवीरांच्या इतिहासात तो पहिल्या दिवसापासून पडलेला आहे.

१९०७ च्या ऑगस्टात बेडन-पॉवेल या इंग्रज सेनापतीने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांची छावणी भरवली. त्यांत बड्या घरची, नामांकित शाळांतली मुले होती, तशी गावातल्या कष्टकऱ्यांचीही होती. ती एका तंबूत निजली, एका पंगतीला जेवली. हे आम्ही मोठे मानतो. परंतु पुढच्याच वर्षी या सेनापतीने नियम छापले, तेव्हा बालवीराच्या निष्ठेच्या यादीत राजा आणि देश यांच्याबरोबर मालकही बसवला! शिवाय वरिष्ठांचा हुकूम का-कसे न विचारता पाळावा, असाही एक नियम होता. इंग्लंड-वेल्समधल्या कामगारांना हे मानवणे कठीणच होते. १९२५ साली तिकडच्या सहकारी चळवळीच्या आश्रयाने ‘वुडक्राफ्ट फोक’ ही मुलामुलींची निराळी संघटना निघाली. रानात भटकणे, शेकोटी, गाणी सारे तेच. राजा आणि मालक तेवढे वगळले.

आपल्याकडे पहिले पथक १९०९ साली बंगळूरला कॅप्टन बेकर यांनी काढले, ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना दार बंद होते. तेव्हा अ‍ॅनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासेस हिंदी मुलांची वेगळी संस्था उभारली. त्याच सुमारास उत्तरेत मालवीयजी, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांची सेवा समितीची पथके निघाली. जत्रेत हरवलेली पोरे शोधावी, साथीत रोग्यांना पाणी द्यावे, अशी त्यांची कामे. १९२१ साली बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आले, त्या वेळी बेझंटबाईंची संस्था त्यांच्या संस्थेत मिळाली. सेवा समिती मात्र वेगळीच राहिली.

आता आपल्या वर्ध्याकडे येऊ. १९२३ च्या मे महिन्यात नागपूरला झेंडा सत्याग्रह सुरू झाला, त्याचे सूत्रधार आपल्या गावचे जमनालाल बजाज. तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जावयाचे, आणि गोऱ्यांच्या बंगल्यांपाशी पोलिसांनी धरावयाचे, असा रोजचा क्रम. जमनालालजींना अठरा महिन्यांची कैद व तीन हजारांचा दंड झाला. दंडापोटी सरकारने त्यांची मोटार जप्त केली, पण नागपुरात ती घ्यायला कोणी पुढे येईना. आम्हांस त्या लिलावातले मौन शंभर भाषणांपेक्षा बोलके वाटते.

पण तुरुंगात दुसरी गोष्ट उघड झाली. उत्साहाने आत गेलेल्या कित्येकांनी हाल सोसवेनात तेव्हा माफी लिहून दिली. हुबळीच्या सेवा मंडळाची माणसे मात्र डगमगली नाहीत. त्यांचे म्होरके डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर अमेरिकेत शिकून आलेले, तेथे लाला लजपतरायांबरोबर काम केलेले. नुसत्या उत्साहावर माणूस टिकत नाही, आधी तालीम लागते, हा धडा काँग्रेसने घेतला. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात काकिनाड्यास हिंदुस्थानी सेवा दल स्थापन झाले. कवायत, गणवेश, बिगूल, झेंडावंदन, सारे बालवीरांसारखेच, पण कापड खादीचे आणि शपथ देशाची. संप फोडणारे भुकेपेक्षा तयारीच्या अभावी फुटतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून हर्डीकरांचे म्हणणे आम्हांस चटकन पटते.

मात्र एक प्रश्न उरतो. या साऱ्यांत हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांतली पोरे कोठे होती? १९२२ च्या कारखाने कायद्याने बारा वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास बंदी केली, आणि बारा ते पंधराच्या मुलांना दिवसाला सहा तास काम ठरवून दिले. म्हणजे ज्या वयात शाळेतला मुलगा बालवीराचा रुमाल बांधतो, नेमक्या त्याच वयात कायद्याने गिरणीतला मुलगा अर्धा कामगार होत होता. गाठ मारायला त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. तुटलेला धागा सांधणे हेच त्याचे काम. पण बालवीरांचा प्रसार मुख्यतः शाळांमार्फत झाला, आणि हा मुलगा शाळेतच नव्हता. रुमालाचे पैसे तर दूरच राहिले.

१९३७ हे वर्ष या दृष्टीने मोठे चमत्कारिक. फेब्रुवारीत दिल्लीला बालवीरांचा अखिल भारतीय मेळावा झाला, त्यास म्हातारे बेडन-पॉवेल जातीने हजर होते. हिंदी लोकांच्या चारित्र्याविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांनी देशात संताप उसळला, आणि १९३८ साली हिंदुस्थान स्काउट असोसिएशन निराळी झाली. इकडे १९३७ च्याच ऑक्टोबरात, २२ आणि २३ तारखांना, वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तीत ठरले की सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण सर्वांना मिळावे, आणि ते हाताच्या कामाभोवती गुंफावे. गिरणीतल्या पोराची आठवण कोणाला झाली असेल तर ती या दुसऱ्या ठिकाणी, असे आमचे मत आहे. त्या ठरावाचे पुढे काय झाले तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय, असो.

स्वातंत्र्यानंतर भांडणाचे कारणच उरले नाही. ७ नोव्हेंबर १९५० रोजी दोन्ही बाजू एक होऊन भारत स्काउट्स संस्था झाली, आणि १५ ऑगस्ट १९५१ ला मुलींची गाइड संस्था तीत आली. राजा गेला आणि मालकही गेला. निमूट हुकूम पाळण्याच्या जागी शिस्त पाळून सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण करावे, असा नियम आला. या देवघेवीत आपला फायदाच झाला. मुलांनी लोकांची छोटीमोठी कामे करून मोबदला मिळवावा, या उपक्रमालाही इथे नाव मिळाले ‘खरी कमाई’. ते ज्याने सुचवले त्याला आमचा नमस्कार.

हर्डीकर १९५२ पासून दहा वर्षे राज्यसभेत होते. १९७५ साली ते वारले. सेवा दल काँग्रेसपाशी राहिले, बालवीर शाळांपाशी.