मागेल त्याला काम : वि. स. पागे आणि रोजगार हमीचा कायदा

१. महाराष्ट्रातील बहुतेक नोकरदारांच्या पगारपत्रकावर एक लहानशी वजावट असते : व्यवसाय कर. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ साली बसवला गेला तो खेड्यातील मजुराच्या हाताला काम मिळावे म्हणून. त्या योजनेचे जनक वि. स. पागे तेव्हा मंत्री नव्हते; ते विधान परिषदेचे सभापती होते.

२. विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात झाला. पेशाने वकील, स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते, गांधीविचारांचे अनुयायी आणि संतसाहित्याचे अभ्यासक. १९६० ते १९७८ अशी सलग १८ वर्षे त्यांनी सभापतिपद भूषवले. या पदाला मान मोठा. पण हाती ना खाते, ना निधी. पागे यांचे बळ एवढेच की, एक विचार घेऊन ते सत्ताधाऱ्यांचा पाठपुरावा करू शकत होते.

३. तो विचार समजण्यासाठी जुनी रीत पाहावी लागेल. ब्रिटिश काळापासून आधी पिकांची आणेवारी ठरे, मग दुष्काळ जाहीर होई आणि त्यानंतर दुष्काळी कामे निघत. परंतु कोरडवाहू मुलखातील भूमिहीन मजुराला पाऊस बरा झालेल्या वर्षीही सुगी संपल्यावर काम नसे. त्याची उपासमार सरकारी व्याख्येत बसत नव्हती.

४. पागे यांनी हा क्रम उलटा केला. दुष्काळ आहे की नाही हे सरकारने ठरवण्यापेक्षा, काम हवे की नको हे मजुराने सांगावे. अंगमेहनतीस तयार असलेला माणूस कामावर येतो, हाच त्याच्या गरजेचा पुरावा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात या कल्पनेचा छोटा प्रयोग झाला आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ती उचलून धरली.

५. १९७२ साली योजना सुरू झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. खडी फोडणारे, पाझर तलाव खोदणारे, नाल्यांना बांध घालणारे हे हात भीक मागत नव्हते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर काम देता येते, हे शासनालाही याच काळात उमगले.

६. प्रश्न उरला पैशाचा. त्याचे उत्तर होते व्यवसाय कर आणि इतर काही करांवरील अधिभार. या मार्गाने जेवढी रक्कम जमेल, तेवढीच भर राज्य शासनाने घालायची होती. अशा रीतीने मुंबईतील कारकुनाच्या पगारातून मराठवाड्यातील बांधबंदिस्तीची मजुरी निघू लागली.

७. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने संमत केला; २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, शक्यतो गावापासून ५ किलोमीटरच्या आत. न दिल्यास बेकारी भत्ता. स्त्री-पुरुषांना समान दर. भत्ता दिवसाला अवघा एक रुपया होता. तरी त्यामुळे काम न देणे ही शासनाची कसूर ठरली. काल जी मेहेरबानी होती, ती आज हक्क झाली.

८. कागदावरचा हक्क शिवारात सहज उतरला नाही. खोटी हजेरीपत्रके, थकलेली मजुरी, मोजमापातील फसवणूक, अर्धवट राहिलेली कामे ही त्याची दुसरी बाजू. मात्र कायदा हाती असल्यामुळेच मजुरांच्या संघटना, आणि त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया, तहसील कचेरीवर मोर्चे नेऊन जाब विचारू शकल्या. दानाचा जाब विचारता येत नाही, हक्काचा येतो.

९. पागे १९९० साली निवर्तले. त्यानंतर १५ वर्षांनी, २००५ मध्ये, संसदेने देशासाठी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. त्याने प्रत्येक कुटुंबाला वर्षाकाठी १०० दिवसांची हमी दिली. महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती. तिथे अट एकच होती : काम करण्याची तयारी.