सॅक, सावित्री आणि दोन यष्ट्या

तर झालं असं, की मागच्या शनिवारी चवदार तळं आणि रायगड असा बेत करून एकटाच पनवेलहून यष्टीत बसलो. महाडला उतरलो, चहा घेतला, आणि पाठीवरची सॅक काढायला गेलो तर पाठीवर सॅकच नाही! आत ऑफिसचा लॅपटॉप. आणि यष्टी एव्हाना पोलादपूरच्या वाटेला लागलेली.

धावत कंट्रोलरच्या खिडकीशी गेलो. त्यांनी शांतपणे तिकीट मागितलं. कुठे बसला होतात? सॅकचा रंग? आत काय आहे? मग पोलादपूरला फोन. अर्ध्या तासाने निरोप आला, "वाहकाला मिळालीय. पुढच्या गाडीनं जाऊन घ्या."

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ट्रॅकिंग म्हणतो आणि फार मोठं काहीतरी केल्याचा आव आणतो. यष्टीचं हे जुनंच आहे. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली. यष्टी म्हणजे ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, गाडीचं आगार आणि तिच्यावरचा वाहक. त्यामुळे 'सकाळची पोलादपूर' एवढं म्हटलं तरी गाडी सापडते.

हे सगळं मनात घोळत असतानाच पुढच्या यष्टीतून सावित्रीचा पूल लागला. शेजारचे काका खिडकीबाहेर बोट दाखवून एवढंच म्हणाले, "हीच ती जागा."

2 ऑगस्ट 2016 ची रात्र. महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर-महाडवरून बाणकोटच्या खाडीला जाणारी सावित्री पुराने फुगलेली. मुंबई-गोवा महामार्गावरचा 1928 सालचा दगडी पूल कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन यष्ट्या माणसांसकट नदीत गेल्या. बघा, त्या गाड्यांनाही नावं होती. कुठून निघाल्या, कुठे जायच्या होत्या, सगळं माहीत होतं. तरी सापडेनात. एनडीआरएफ आले, नौदलाचे पाणबुडे आले. गढूळ पाण्यात दिसत काही नव्हतं, म्हणून 300 किलोचं लोहचुंबक दोराला बांधून नदीत सोडलं. पहिल्या यष्टीचा सांगाडा 11 ऑगस्टला सापडला, दुसरीचा 13 ला. मृतदेह तर पार समुद्रापर्यंत, अंजर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत वाहत गेले होते.

गाड्या ओळखता आल्या. पण आत कोण होतं? ज्यानं गाडीतच तिकीट काढलं त्याचं नाव कुठेच नसतं. तिकिटावर असतं ते कुठून, कुठे आणि किती रुपये. तेव्हा नदीकाठी येऊन थांबलेल्या घरच्यांनीच सांगायचं, की आमचा माणूस याच गाडीत होता. आणि ज्याची घरी कुणी वाट बघत नव्हतं, त्याचं काय? हा विचार पोलादपूर येईपर्यंत डोक्यातून गेला नाही.

नवा पूल 165 दिवसांत बांधून 5 जून 2017 ला खुला झाला. पूल लवकर झाला, हे चांगलंच झालं. दोन मिनिटांत आम्ही तो ओलांडलाही.

पोलादपूरच्या स्टँडवर सॅक टेबलाखाली ठेवलेली होती. रजिस्टरमध्ये लिहायला सांगितलं: नाव, पत्ता, वस्तूचं वर्णन. मी लिहिलं, 'निळी सॅक, एक पट्टा उसवलेला.' सही करताना हात जरा थांबला. थोड्या वेळापूर्वी याच सॅकपायी मी जग बुडाल्यासारखा धावलो होतो.

रायगड राहिलाच. परतीच्या गाडीत बसलो, तिकीट काढलं आणि कुठल्या गाडीत आहे ते आईला फोन करून सांगितलं. तिला वाटलं, काहीतरी झालंय. "काही नाही गं, सहज," म्हटलं. असो.