माळवदाची रचना आणि दप्तरांचें रक्षण

१. जुनीं दप्तरें घरांत कोठें सांपडतात असें संग्राहकांस विचारलें, तर 'माळ्यावर' हेंच उत्तर बहुधा मिळेल. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' १८९८ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तेव्हांपासून कागदांची भाषा, मित्या, मोडी वळण यांची चिकित्सा पुष्कळ झाली. ज्या छपराखालीं ते कागद पिढ्यान् पिढ्या राहिले, त्या छपराची चिकित्सा त्या मानानें थोडी. तिचा अल्प प्रयत्न येथें योजिला आहे.

२. प्रथम ग्रंथांतरींचा आधार पाहूं. छपराच्या वांकलेल्या लांकडास अमरसिंह गोपानसी व वलभी अशीं नांवें देतो. वातायन व गवाक्ष हे शब्द त्यानें समानार्थक दिले आहेत. पैकीं वातायन म्हणजे शब्दशः वाऱ्याचा मार्ग. निबंधपुस्तकांचें स्थान पूर्वाभिमुख किंवा उत्तराभिमुख असावें, असें कौटिल्य सांगतो. दुपारनंतरचें ऊन दाराशीं येत नाहीं, हा त्याचा एक लाभ उघड आहे. वराहमिहिरानें (इ. स. चें ६ वें शतक) बृहत्संहितेंत वज्रलेपासाठीं स्वतंत्र अध्याय खर्चिला आहे. टेंभुर्णीचीं व कवठाचीं कच्चीं फळें, सांवरीचीं फुलें, साळईचें बीं, धामणीची साल व वेखंड हीं द्रोणभर पाण्यांत अष्टमांश उरे तों कढवावीं, मग त्यांत गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल इत्यादि मिसळून लेप ऊन असतां द्यावा, असा विधि आहे. लेप देण्याच्या स्थळांत प्रासाद, हर्म्य, भिंत, विहीर यांबरोबर वलभीचेंही नांव आहे. यावरून घर आच्छादणें आणि घर लिंपणें हीं दोन भिन्न कर्में मानलीं जात, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

३. आतां देशावरील माळवद घेऊं. कोंकणच्या पर्जन्यांत उतरतें छप्परच टिकावयाचें. माळवद हें कमी पावसाच्या मुलखाचें बांधकाम होय. तुळयांवर आडवीं लांकडें, त्यांवर किलचण, किलचणीवर पाला, पाल्यावर चिखलाचा थर, आणि सर्वांवर चोपून बसविलेली पांढरी माती, असा क्रम असे. काळी माती पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते. म्हणून रानांत काळी शेजारींच असतां घरावर मात्र पांढरीच घालीत. पावसाळ्यापूर्वीं भेगा बुजवून नवा थर देत आणि पाणी पन्हळीकडे वळवीत. उजेड व धूर यांसाठीं साणें ठेवलेलें असे.

या रचनेंत दोन गुण आहेत व ते वेगळे ओळखले पाहिजेत. मातीचा जाड थर सावकाश तापतो. दुपारची उष्णता आंत पोंचेपर्यंत संध्याकाळ होते. हा भाराचा गुण. पाल्याच्या व काड्यांच्या पोकळ्यांत हवा स्थिर राहते, आणि स्थिर हवा उष्णतेस अडविते. हा निर्वात पोकळीचा नव्हे, निश्चल हवेचा गुण. भेगा बुजविल्यानें वारा व ओल या दोहोंची वाट बंद होते. रुमालांतील कागदास उष्णतेपेक्षांही तिची व ओलीची वारंवार होणारी चढउतार अधिक बाधक असते. ती चढउतार या छपराखालीं मंद होई.

४. परंतु या रक्षणाचें मूल्य भयंकर होतें. दरवर्षीं थर पडत जाई, जुना क्वचित् निघे. कित्येक घरांवर माती दीड-दोन फूट चढली. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारी येथें भूकंप झाला, तेव्हां मातींत रचलेल्या दगडी भिंती ढांसळल्या आणि तो सर्व भार निजलेल्या माणसांवर आला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत साडेसात हजारांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. त्यानंतर लोकांनीं माळवद टाकून पत्रा स्वीकारला, यांत नवल नाहीं. पण पत्रा क्षणांत तापतो व रात्रीं तितक्याच त्वरेनें निवतो. त्याखालीं ठेवलेल्या कागदाची स्थिति सांगावयास नको.

५. तात्पर्य, माळवदाचा भार त्याज्य आहे, त्याची युक्ति त्याज्य नाहीं. निश्चल हवेच्या गुणास वजन लागत नाहीं. पत्र्याखालीं हलकें तक्तपोशीचें छत करून मधल्या पोकळींत हलका, सच्छिद्र थर घातल्यास तें कार्य होतें. क्रम मात्र चुकूं नये: आधीं गळती काढावी, नाहीं तर ओल आंतच कोंडते, मग चुलीची वाफ व धूर ज्या फटींतून माळ्यावर चढतात त्या बुजवाव्या, थर त्यानंतर. छताखालीं वातायन हेतुपूर्वक ठेवावें. फट ही वातायन नव्हे. आणि ज्यांच्या घरीं अद्याप माळवद उतरावयाचें आहे, त्यांस एवढीच विनंति कीं, पहिली कुदळ पडण्यापूर्वीं माळ्यावरचे रुमाल खालीं आणावे. माती पुन्हां मिळेल. कागद मिळणार नाहीं.