सहा चाळीसचा वास

शेतातली मोटार जळाली की बदनापूरच्या शिवारात कुणाला सांगावं लागत नाही. वाइंडिंगचा करपट वास आला की माणूस धावत जाऊन आधी स्टार्टर बंद करतो. विमानात काय बंद करायचं? स्विसएअरच्या १११ क्रमांकाच्या उड्डाणात हाच प्रश्न २२९ जणांच्या जिवावर बेतला. वेळा मुद्दाम आपल्याकडच्या देतोय. ३ सप्टेंबर १९९८ची सकाळ. इथे गणपती अजून बसलेले होते.

५.४८ न्यूयॉर्कहून जिनिव्हाकडे उड्डाण. प्रवासी २१५, कर्मचारी १४.

६.४० तेहेतीस हजार फुटांवर को-पायलट स्टेफान ल्योव यांना वेगळाच वास येतो. कॅप्टन उर्स झिमरमान हवाई सेविकेला बोलावून विचारतात. इथे येतोय, पण मागे केबिनमध्ये जाणवला नव्हता, असं ती सांगते. दोघं पायलट ठरवतात, एअर कंडिशनिंगचा असेल. या अंदाजाला मी चूक म्हणणार नाही. ओव्हनमध्ये सांडलेलं अन्न, टॉयलेट, इंजिन ऑइल, बिघडलेला पंखा. विमानातले बहुतेक वास अशाच कुठल्यातरी कारणापाशी संपतात. शिवाय हवा सतत फिरवलेली असते, त्यामुळे वास उगमापाशीच येईल असं नाही. त्या दिवशी उगम छताच्या वर होता. तिथे एका वायरीत ठिणग्या उडाल्या होत्या आणि उष्णतारोधक अस्तराच्या चकचकीत प्लास्टिक आवरणानं पेट घेतला होता. तिथे ना धूर ओळखणारं यंत्र होतं, ना आग विझवायची सोय.

६.४४ आता धूर दिसतो. ‘पॅन-पॅन’ असा इशारा जातो. ‘मे-डे’च्या एक पायरी खालचा. पायलट बोस्टनला परतायचं म्हणतात, कंट्रोलर जवळचं हॅलिफॅक्स सुचवतो. मास्क चढतात.

६.४९ धावपट्टी तीस सागरी मैलांवर. पण उंची जास्त, टाक्यांत इंधन भरपूर आणि केबिन आवरायला वेळ हवा. मग इंधन सोडण्यासाठी विमान समुद्राकडे वळतं. ‘सरळ का नाही उतरले?’ असं आजही विचारलं जातं. कॅनडाच्या तपास मंडळानं हिशेब मांडून पाहिला: इशारा देताच खाली निघाले असते, तरी आगीच्या वेगापुढे सुखरूप उतरणं शक्य नव्हतं. हे वाचल्यावर त्या दोघांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

६.५३ चेकलिस्टप्रमाणे केबिनची वीज बंद. त्याबरोबर छतातले पंखे थांबतात. धुराला मागे ओढणारी हवा थांबते आणि आग कॉकपिटकडे सरकते. ही चेकलिस्ट पूर्ण करायलाच वीस ते तीस मिनिटं लागत.

६.५४ ऑटोपायलट सुटतो. आणीबाणी जाहीर.

६.५५ दोन्ही रेकॉर्डर बंद.

७.०१ नोव्हा स्कोशियात, पेगीज कोव्हजवळ, विमान समुद्रात. कुणीही वाचलं नाही.

तपास चार वर्षांहून जास्त चालला, अहवाल मार्च २००३मध्ये आला. त्याआधीच, २०००मध्ये, अमेरिकेनं ते आवरण विमानांतून काढायचा आदेश दिला होता. आता अनोळखी वास आला की कर्मचारी ओव्हन, टॉयलेट, सामानाचे कप्पे तपासतात, हाताची मागची बाजू पॅनेलला लावून कुठे तापलंय का ते पाहतात. कारण सापडेना, तर शोध चालू असतानाच पायलट जवळच्या धावपट्टीकडे वळलेले असतात.