गावाचं नाव न घालता मागितलेला उतारा

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५. खालच्या वेळा भारतीय आहेत. क्लाउडफ्लेअरने आपल्या त्या दिवशीच्या बिघाडावर प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्या जागतिक प्रमाणवेळेत आहेत. मी साडेपाच तास मिळवले, कारण पुण्यातल्या आमच्या ऑफिसात हा सगळा प्रकार संध्याकाळच्या चहाबरोबर घडला. कंपनीचं मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोत. तिथे तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते.

दुपारी ४.३५ च्या आधी

सगळं सुरळीत आहे. जगातल्या साधारण दर पाच संकेतस्थळांपैकी एकाच्या दारात क्लाउडफ्लेअर उभं असतं. आलेला पाहुणा माणूस आहे की बॉट, हे ओळखण्यासाठी तिथलं एक मॉडेल प्रत्येक विनंतीला गुण देतं. गुण कशाकशावरून द्यायचे त्याची यादी एका फाइलमध्ये असते, आणि त्यातल्या प्रत्येक निकषाला तिथले लोक 'फीचर' म्हणतात. बॉटवाले सतत नव्या युक्त्या काढतात, म्हणून ही फाइल दर पाच मिनिटांनी नव्याने बनते आणि जगभरच्या यंत्रांवर पोचते.

ती बनवण्यासाठी क्लिकहाउस नावाच्या डेटाबेसला एक क्वेरी विचारली जाते. क्वेरी इतकी छोटी, की मराठीत एका दमात वाचता येते: सिस्टीमच्या कॉलम-यादीतून नाव आणि प्रकार दे, जिथे टेबलचं नाव 'एचटीटीपी रिक्वेस्ट्स फीचर्स' असेल तिथले, आणि नावाच्या क्रमाने लाव.

टेबलचं नाव आहे. ते टेबल कोणत्या डेटाबेसमधलं, हे कुठेच नाही.

तलाठी कार्यालयात जाऊन 'गट नंबर ११२ चा उतारा द्या' म्हणावं आणि गावाचं नावच सांगू नये, तसं हे. काम होऊन जातं, कारण टेबलावर एकाच गावाचं दप्तर असतं आणि दुसऱ्या गावाचं कपाटात, कुलपात. मागणारा म्हणतो, माझा अर्ज बरोबर आहे. अर्ज बरोबर नसतो. बरोबर असतं ते कुलूप.

४.३५. तेवीस मिनिटं बाकी

कुलूप उघडलं जातं, तेही चांगल्या हेतूने.

क्लिकहाउसमधला डेटा अनेक यंत्रांवर वाटलेला असतो. वापरणारा 'डीफॉल्ट' नावाच्या डेटाबेसला विचारतो. तिथली टेबलं स्वतः काही साठवत नाहीत, ती प्रश्न पुढे 'आर-झिरो' नावाच्या डेटाबेसमधल्या खऱ्या टेबलांकडे पाठवतात. हा आतला प्रवास आजवर एका सामायिक खात्यावरून होत होता. म्हणजे विचारलं कोणी, हे आत गेल्यावर पुसलं जायचं. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरं नाही. म्हणून बदल असा, की आतली क्वेरीसुद्धा मूळ विचारणाऱ्याच्याच नावावर चालावी आणि 'आर-झिरो'वर त्याला जो हक्क आडून होताच, तो उघडपणे नोंदवावा. हक्क नोंदवला, की ती टेबलं सिस्टीमच्या कॉलम-यादीतही दिसतात.

मी रिव्ह्यूला असतो तर डोळे झाकून 'अप्रूव्ह' दाबलं असतं. परवानग्या काटेकोर करणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणेल? त्याला विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा: यादीत फक्त 'डीफॉल्ट'च दिसणार, असं गृहीत धरून ती कोण कोण वाचतं? पण हे गृहीतक कुणाच्या नावावर नव्हतं. क्वेरीत जे लिहिलं नव्हतं, त्यावरच क्वेरी उभी होती. शोध घ्यायचा म्हटला तरी कोणता शब्द शोधणार?

४.५०. आठ मिनिटं बाकी

अहवालाच्या सुरुवातीच्या परिच्छेदात बिघाडाची वेळ ही दिली आहे. आतल्या वेळापत्रकात ग्राहकांच्या वाहतुकीवरची पहिली चूक ४.५८ ला दिसते. मी दुसरी वेळ शून्य धरली आहे.

दरम्यान पाच मिनिटांचं चक्र फिरलेलं असतं. क्वेरी तीच, एक अक्षरही बदललेलं नाही. पण आता दोन्ही गावांची दप्तरं टेबलावर आहेत, आणि दोन्हीकडच्या गट नंबर ११२ ची नोंद हुबेहूब सारखी. कारकून आज्ञाधारक. त्याने दोन्ही वाचून दाखवल्या. ओळी दुपटीहून जास्त झाल्या, फाइल फुगली आणि जगभर निघाली.

४.५८. शून्य

ज्या प्रॉक्सीतून सगळी वाहतूक जाते, तिथे बॉट ओळखणाऱ्या भागाने वेग मिळावा म्हणून २०० फीचर्सपुरती जागा आधीच राखून ठेवलेली होती. वापरात साधारण साठच होती, म्हणजे २०० हा आकडा ऐसपैसच. फुगलेली फाइल त्याच्याही वर गेली.

मर्यादा ओलांडल्याचं कोडला कळलं. चूक व्यवस्थित परत आली. पण ती ज्याच्या हातात पडली तो रस्ट भाषेतला 'अनरॅप' होता. त्याचा अर्थ साधारण असा, की हे नीट होणारच, आणि नाहीच झालं तर जागच्या जागी प्राण सोड. प्रॉक्सीने प्राण सोडला. पलीकडच्या माणसाला ५०० च्या घरातली चूक दिसली.

जुन्या प्रॉक्सीवर असलेले ग्राहक या चुकीतून वाचले, पण तिथे प्रत्येकाला बॉट-गुण शून्य मिळू लागला. बॉट अडवण्याचे नियम लावलेल्या साइट्सच्या दारात मग खरी माणसंही अडली.

५.०१ ते ५.०५

५.०१ ला आपोआप चालणाऱ्या चाचणीने बोंब ठोकली. ५.०२ ला माणसं कामाला लागली, ५.०५ ला सगळ्यांचा कॉल सुरू झाला. सात मिनिटांत एवढं जमणं हे मोठंच काम आहे, आणि ते उपरोधाने म्हणत नाही.

आमच्याकडे याच सुमारास कोपऱ्यातून आवाज आला, "अरे, एक्स उघडतंय का रे तुझं?" चॅटजीपीटी उघडत नव्हतं. काय काय बंद आहे हे सांगणारी डाउनडिटेक्टर ही साइटही उघडत नव्हती. शेजारच्या मुलीने राउटर बंद करून चालू केला. आपल्याकडे तो पहिला उपाय.

५.०५ ते ६.३५

हा दीड तास सगळ्यात वाईट, कारण बिघाड स्थिर नव्हता. ऊन-पावसाचा खेळ चालला होता. परवानगीचा बदल क्लिकहाउसच्या क्लस्टरच्या एकेका भागावर हळूहळू पोचत होता. त्यामुळे दर पाच मिनिटांनी क्वेरी बदललेल्या भागावर गेली तर फाइल वाईट, न बदललेल्या भागावर गेली तर चांगली. नेटवर्क पडायचं, उठायचं, पुन्हा पडायचं. आपलीच चूक असेल तर अशी वागत नाही, असं कुणालाही वाटेल. हल्ला मात्र अगदी असाच वागतो.

त्यात कंपनीचं स्टेटस पेजही उघडेना. ते क्लाउडफ्लेअरच्या यंत्रणेवर नाही, मुद्दाम बाहेर ठेवलेलं आहे, तरी ते नेमकं तेव्हाच बंद पडलं. निव्वळ योगायोग. पण पाचावर धारण बसलेल्या माणसांना योगायोग पटत नाही. आधीच्या काळात आयसुरू नावाच्या बॉटनेटचे प्रचंड हल्ले झाले होते. आतल्या गप्पांत त्याचंच नाव आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पहिलं लक्षणही दिशाभूल करणारं. वर्कर्स केव्ही ही साठवणुकीची सेवा मंदावलेली दिसली, म्हणून तिच्यावर उपाय चालले: वाहतूक वळव, खात्यांवर मर्यादा घाल. शेवटी प्रत्येक नोडवर वाईट फाइलच बनू लागली आणि बिघाड स्थिरावला. अशा वेळी स्थिर बिघाड ही चांगली बातमी असते.

६.३५

केव्ही आणि अॅक्सेस या दोन सेवा प्रॉक्सीच्या जुन्या आवृत्तीकडे वळवल्या. धग कमी झाली.

७.०७

आता संशय एकाच जागी आला: बॉटची ती फाइल. आधीची चांगली फाइल परत आणायची, असं ठरलं.

७.५४ आणि ८.००

७.५४ ला नव्या फाइल बनणं आणि पसरणं थांबवलं, जुन्या फाइलची चाचणी पार पडली. ८ वाजता मुख्य बिघाड संपला. बातम्या सुरू झाल्या होत्या, घराघरांत जेवणाची पानं मांडली जात होती.

पुढे आणखी अडीच तास राहिलेली यंत्रं उठवणं आणि साचलेल्या लॉगिनच्या लोंढ्याने पुन्हा वाकलेला डॅशबोर्ड सावरणं चाललं. सगळं पूर्ववत झालं तेव्हा १०.३६ झाले होते. २०१९ नंतरचा आपला सर्वांत मोठा बिघाड, असं कंपनीनेच लिहिलं. सहसंस्थापक मॅथ्यू प्रिन्स यांच्या नावाने तो अहवाल त्याच दिवशी बाहेर आला, क्वेरीसकट. एवढी उघड कबुली आपल्याकडच्या किती कंपन्या देतील, याचा विचार करण्यासारखा आहे.

बुधवार, सकाळी ११

अहवाल वाचला आणि आमच्याच कोडमध्ये शोध घेतला. शोधलं काय, तर 'चालू ग्राहक'. म्हणजे ज्याचं खातं काढून टाकलेलं नाही, मुदत संपलेली नाही आणि जे आमच्याच चाचणीसाठी उघडलेलं नाही. ही साधी व्याख्या अकरा ठिकाणी लिहिलेली सापडली: बिलांच्या कोडमध्ये, एसएमएसच्या, रिपोर्टच्या, एक तर चक्क स्क्रीनच्या टेम्प्लेटमध्ये. नऊ ठिकाणी सारखी. एका ठिकाणी चाचणीची खाती वगळायची अट नव्हती. अकराव्या ठिकाणी मुदतीची तारीख आजच्या 'पुढची' हवी असं लिहिलं होतं, बाकीच्यांत 'आजची किंवा पुढची'. म्हणजे ज्याची मुदत आज संपते, ते गिऱ्हाईक एका रिपोर्टमधून दिवसभर गायब. ओरड कधी झाली नव्हती. आमचं कुलूप अजून कुणी उघडलं नव्हतं.

यावरचा उपाय जुना आहे. मार्टिन फाउलरच्या २००२ च्या एंटरप्राइझ आर्किटेक्चरवरच्या पुस्तकात 'क्वेरी ऑब्जेक्ट' याच नावाने तो आहे. तिथे त्याचं रूप जड आहे: वस्तूंची अशी रचना, जी स्वतःच एसक्यूएल बनवते. रोजच्या कामात लोक आता हलकंच काहीतरी करतात. एका प्रश्नाला एक क्लास, त्याला माणसाला कळेल असं नाव, सगळ्या अटी आत, आणि बाहेरून एकच मेथड. ज्याला चालू ग्राहक हवेत त्याने 'चालूग्राहक'ला विचारायचं, स्वतःच्या हाताने अट लिहायची नाही.

क्लाउडफ्लेअरच्या क्वेरीला असं घर असतं तर काय झालं असतं, याची मी खात्री देणार नाही. गावाचं नाव न घालणारा माणूस क्लासच्या आतही ते विसरू शकतो. पण क्लासला चाचणी लिहावी लागते, आणि ती लिहिताना हात अडखळतो. याच नावाचं टेबल दुसऱ्या डेटाबेसमध्येही असेल तर? दोन डेटाबेस, त्यांत एकाच नावाची दोन टेबलं, उत्तरात प्रत्येक कॉलम एकदाच यायला हवा: तीन ओळींची चाचणी. शिवाय परवानग्या बदलणाऱ्याला एक फोल्डर उघडून सिस्टीमची कॉलम-यादी कोण कोण वाचतं ते दिसतं. मग तो त्यांना फोन करतो.

याचंही वेड लागतं, हे कबूल. एका ओळीच्या शोधालाही क्लास काढणारे आणि तीनशे फायलींचं फोल्डर अभिमानाने दाखवणारे मी पाहिलेत. जी अट दुसऱ्यांदा लिहायची वेळ येते, किंवा जी न लिहिलेल्या गोष्टीवर उभी आहे, तिलाच घर द्यावं, एवढंच माझं मत.

अहवालाच्या शेवटी कंपनीने पुढची कामं सांगितली आहेत. स्वतः बनवलेल्या फायलीही बाहेरून आलेल्या माहितीइतक्याच संशयाने तपासायच्या, एखादी सोय जगभर एका झटक्यात बंद करता यावी, चुकांच्या नोंदींनीच यंत्रणा दमू नये, आणि प्रॉक्सीच्या प्रत्येक भागात काय काय मोडू शकतं ते पाहायचं. चारही रास्त आहेत. चारही फाइल बनून गेल्यानंतरची आहेत.

आमच्या अकरांपैकी सात जागा त्या बुधवारी हलवल्या. चार अजून बाकी आहेत. टेम्प्लेटमधली त्यातलीच एक.